विमानातला 'न'

पहाटे साडेतीनला सिहोऱ्यात जागे असतात ते कुत्रे आणि धानाच्या पुंजण्यांची राखण करणारे. डिसेंबरच्या त्या पहाटे आम्ही दोघंही जागे होतो. बसस्थानकासमोर गाडी उभी, डिकीत नवी कोरी चाकांची बॅग आणि हिच्या मांडीवर लाखोरीच्या वड्यांचा डबा. "जहाजात जेवण तिकिटातच आहे" असं लेकीनं दहादा सांगूनही डबा निघालाच. गाडी चालवणारा पोरगा माझाच जुना विद्यार्थी. बॅग उचलताना म्हणाला, "का जी गुरुजी, समुद्रावर धुकं असते का?"

जहाज म्हणजे क्रूझ. मुंबईहून निघायचं, गोव्याला जायचं, परत मुंबई. तीन रात्री. पुण्याच्या लेकीनं आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली भेट. माझा तोवरचा जलप्रवास म्हणजे वैनगंगेतला डोंगा. झाडाच्या बुंध्यातून कोरून काढलेला, दोन माणसं आणि एक सायकल बसली की पाणी काठाला टेकायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी नदीपलीकडच्या शाळेत तसाच जायचो. डोंगा निघाला असला तरी काठावरून मोठ्यानं हाक मारली की नावाडी शिव्या देत का होईना, मागे फिरायचा.

आदल्या संध्याकाळी चांदपूरच्या मारुतीला नारळ फोडून आलो होतो. पायऱ्या उतरताना मी हिला म्हटलं, "नारळाची गरज नव्हती, लेकीनं विमा काढला आहे." ही म्हणाली, "मारुतीनं काय विमा काढून उडी मारली होती?"

विम्याची गोष्ट अशी. विमानाचं तिकीट काढताना मोबाइलच्या पडद्यावर एक चौकोन येतो, 'तुमची सहल सुरक्षित करा'. लेकीनं त्यात बरोबरची खूण केली. दोघांचे मिळून तीनशे रुपयांच्या आत. त्या खुणेमागे किती पानं असतात, हे ती खूण करणारा कधी पाहत नाही. मीही पाहिली नव्हती. विमानतळावर मात्र मला ती पाहायला भरपूर वेळ मिळाला.

तुमसर सोडलं तसं धुकं दाटलं. मोहाडीपर्यंत गाडी चाळीसच्या वर गेली नाही. मौद्याजवळ कन्हानचा पूल ओलांडला, खालची नदी दिसलीच नाही. तरी सातच्या सुमारास नागपूरच्या विमानतळावर पोचलो. विमान नऊ दहाचं, मुंबईत पावणेअकराला उतरायचं. जहाजावर चढायचं दार चारला बंद, जहाज पाचला सुटणार. मधे सव्वापाच तास. लेकीनं हिशेब चोख केला होता.

सुरक्षा तपासणीत वड्यांचा डबा उघडून दाखवावा लागला. तपासणाऱ्या मुलीनं वास घेतला आणि हसून बंद केला.

साडेआठला पहिला संदेश आला: उड्डाण चाळीस मिनिटं उशिरा. मग साडेदहा. मग पावणेबारा. उशीर एकदम सांगत नाहीत, हप्त्याहप्त्यानं सांगतात. सकाळीच कुणी म्हटलं असतं की विमान दुपारी अडीचनंतर उडेल, तर काहीतरी केलं असतं. निदान तसं वाटलं तरी असतं. पण चाळीस मिनिटांसाठी कोण काय करतो? आमचं विमान दिल्लीहून यायचं होतं आणि दिल्लीचं धुकं उतरत नव्हतं. नागपुरात मात्र तोवर काचेबाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

शेजारच्या बाकावर नागपूरचे एक व्यापारी बसले होते. त्यांनी समृद्धीचा सल्ला दिला. २०२५ च्या जूनमध्ये तो महामार्ग शेवटपर्यंत खुला झाला, नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटर, आठ तास. मी घड्याळ पाहिलं, साडेदहा. आठ मिळवले की साडेसहा, तेही वेशीवर. त्यांनीही बोटांवर मोजलं आणि पेपर उघडला.

ही तोवर गप्प होती. मग म्हणाली, "विदर्भनं गेलो असतो तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारी निघते, तुमसर रोडला थांबते आणि सकाळी मुंबईला थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. तिथून बॅलार्ड पियर, जिथून जहाज सुटतं, ते जेमतेम दीड किलोमीटर. बॅग ओढत चालत गेलो असतो तरी चाललं असतं. गाडी दोन तास उशिरा आली असती तरी जहाजाला आठ तास उरले असते. आमच्या गावाजवळच्या स्टेशनातून जहाजाच्या दारापर्यंत जवळजवळ सरळ रेघ होती आणि आम्ही ती सोडून आकाशात गेलो. कारण लेकीला वाटलं, आई-बाबांनी आयुष्यात एकदा तरी विमानात बसावं.

अकरा वाजता विमान कंपनीनं उपम्याचे डबे वाटले. कृपा नव्हती, नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला की प्रवाशांना खाणंपिणं द्यावं लागतं. देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून जास्त लांबत असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक निवडता येतं. धुक्यासारखं कारण असलं की रोख भरपाईचा प्रश्न मात्र मिटतो, कारण धुकं कंपनीच्या हातात नसतं. ही माहिती मला त्याच व्यापाऱ्यांनी दिली. त्यांचा उपमा संपला होता, आमच्याकडचे वडे चालू होते.

मी पॉलिसी उघडली. चाळीसेक पानं, बारीक अक्षर, इंग्रजी. पस्तीस वर्षं मुलांना मराठी व्याकरण शिकवलं, त्यामुळे मला एक खोड आहे: कुठल्याही कागदात मी आधी 'परंतु' शोधतो. इथे पानोपानी सापडले. उशिराचं कलम चांगलं वाटलं. उड्डाणाला उशीर झाल्यास माणशी तीन हजार रुपये. परंतु उशीर सलग सहा तासांहून अधिक असावा. परंतु कारण पुढीलपैकी एक असावं: खराब हवामान, यंत्रातला बिघाड, संप. परंतु विमान कंपनीचं लेखी प्रमाणपत्र हवं.

कारणाची गोष्ट वरवर सोपी दिसते, तशी नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीची राख युरोपभर पसरली, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि ब्रिटनमध्ये वाद पेटला की राख हे 'खराब हवामान' आहे की नाही. काही विमा कंपन्या म्हणाल्या, नाही. आभाळातून पडते, विमानं अडवते, तरी हवामान नाही! माझ्या मोबाइलवर आलेल्या संदेशात कारण होतं 'ऑपरेशनल'. लाउडस्पीकरवरची बाई 'फॉग' म्हणत होती. काउंटरवर जाऊन मी मुलाला म्हटलं, "बाळ, प्रमाणपत्रावर धुकं लिही, ऑपरेशनल लिहू नको." त्यानं लिहून दिलं. या एका शब्दापुरता मी त्या दिवशी यशस्वी झालो.

दुसरं कलम होतं 'मिस्ड कनेक्शन'. हे वाचून जीव भांड्यात पडला. जोडप्रवास चुकला तर पुढच्या प्रवासाचा खर्च देऊ. मग पान उलटून व्याख्या पाहिली: जोडप्रवास म्हणजे एका उड्डाणातून दुसऱ्या उड्डाणात. विमानातून विमानात. विमानातून जहाजात जाणारा माणूस त्या व्याख्येत बसत नव्हता. तिसरं कलम सहल रद्द होण्याचं. ते प्रवाशाचं आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, घराला आग अशा कारणांना लागू. आमच्या घराला, देवाच्या दयेनं, आग लागली नव्हती.

मला गावच्या पीकविम्याची आठवण झाली. ज्यांच्याकडे धानाच्या बांध्या आहेत, त्यांना हा कागद नवा नाही. तिथेही तुझं शेत बुडालं का, हा प्रश्न नसतो. महसूल मंडळात पीककापणी प्रयोग होतात, त्यातून आलेलं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं का, हा प्रश्न असतो. मंडळ तरलं तर तुमची बुडालेली बांधीही कागदावर तरते. आणि धानाचं तर आणखी पुढचं. पाणी साचून एकट्याच्या शेताचं नुकसान झालं, तर धानाला ते २०१८ मध्ये वगळलं गेलं, कारण धान पाण्यातलंच पीक. आता २०२६ च्या खरिपापासून ते परत घेणार असं जाहीर झालं आहे. आठ वर्षं आमच्याकडचा शेतकरी कुजलेल्या लोंब्या हातात घेऊन ऐकत होता की पाण्यानं धानाला काय होतं! एखाद्याला वाटेल, सहलीच्या तक्रारीत धान कुठून आलं. पण दोन्हीकडे युक्ती एकच आहे. नुकसान मोजायचं नाही, नुकसानाच्या शेजारचं काहीतरी मोजायचं.

साडेबाराला टोल फ्री क्रमांकावर फोन लागला. मुलगी गोड बोलत होती. "सर, आपकी फ्लाइट कितनी लेट है?" मी म्हटलं, आतापर्यंत साडेतीन तास. "सर, छह घंटे पूरे होने पर क्लेम कीजिए." मी म्हटलं, बेटी, पाच तासांतच माझं जहाज सुटतं. ती थोडी थांबली. "सर, जहाज तो इसमें नहीं है." तिच्या समोरच्या पडद्यावर आमचं विमान होतं, त्याचा क्रमांक होता, आसनं होती. आम्ही मुंबईला कशासाठी निघालो, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं. तिकीट काढताना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतरचे दोन तास माझ्या मनाची जी अवस्था होती ती सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. मी एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी मागत होतो. एक मन म्हणे, विमान आत्ता येऊ दे, कदाचित जहाजही पाच-दहा मिनिटं थांबेल. दुसरं मन म्हणे, जहाज जायचंच असेल तर विमान तीन वाजून दहा मिनिटांनंतरच उडू दे, म्हणजे सहा तास तरी भरतील. विमान दोन पस्तीसला उडालं. पाच तास पंचवीस मिनिटं उशीर. सहा तासांना पस्तीस मिनिटं कमी, आणि जहाजाला काय कमी पडलं ते पुढे येतंच आहे.

हिची पहिली विमानफेरी होती. खिडकीतून तिनं ढग पाहिले, मी तिला पाहिलं. मग ती म्हणाली, "विमा आणि विमान, एका 'न'चाच फरक आहे की."

मराठीच्या मास्तरला हे चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मुंबईत चार दहाला उतरलो. बॅगेच्या पट्ट्यावर आमची बॅग शेवटून तिसरी. टॅक्सी मिळायला पावणेपाच. पूर्व मुक्त मार्गावर गाडी सुसाट निघाली तेव्हा पाच वाजून गेले होते, तरी मी ड्रायव्हरला घाई करत होतो. डाव्या हाताला बंदराच्या क्रेन दिसत होत्या. ग्रीन गेटला पोचलो तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. फाटकावरच्या जवानानं आमचा कागद पाहिला, बॅगेकडे पाहिलं, हिच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं. "गया, काका," म्हणाला. "वीस-पच्चीस मिनट हुए."

आतून क्रूझ कंपनीचा एक तरुण बाहेर आला. सभ्य होता. गोव्यात चढता येईल का, मी विचारलं. त्यानं समजावलं, प्रवाशांची यादी बंदराच्या सुरक्षेकडे आधीच जाते, मधल्या बंदरात आता नावं घालता येणार नाहीत. भाडं परत मिळणार नाही, आला नाहीत असंच नोंदलं जाईल. बंदर शुल्क तेवढं परत येईल. मग स्वतःहून म्हणाला, "तुम्ही विमानही आमच्याकडूनच पॅकेजमध्ये घेतलं असतं, तर काहीतरी सोय बघता आली असती. वेगळं काढलंत ना."

वेगळं काढलं. यातच सगळं आलं. ज्या जागेवर आम्ही उभे होतो तिथे आत कुठेतरी शंभर वर्षांपूर्वी एक रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पियर मोल. विलायतेहून टपालाची आगबोट लागली की उतारू धक्क्यावरूनच गाडीत बसत. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथूनच सुटायची, थेट पेशावरकडे. गाडीचं वेळापत्रक आगबोटीला बांधलेलं होतं. साहेबाची सोय होती, त्यात आमच्यासारख्यांना जागा नव्हती हे खरं. पण त्या व्यवस्थेत गाडीला बोट माहीत होती. आमच्या वेळी विमानाला जहाज माहीत नव्हतं, जहाजाला विमान माहीत नव्हतं आणि विम्याला दोन्हींतलं अर्धंच माहीत होतं.

टॅक्सीवाला अजून उभा होता. उत्तर प्रदेशचा, वयस्क. म्हणाला, "गेटवे चलिए, दिख जाएगा." दहा मिनिटांत अपोलो बंदराच्या कठड्याशी पोचलो. सूर्य मागच्या इमारतींआड गेलेला, पाणी करडं. आणि खरंच, लाँचांच्या गर्दीपलीकडे ते चाललं होतं. पांढरं, मजल्यांवर मजले, खिडक्यांत दिवे लागलेले, कुलाब्याकडे सरकत. वेग इतका कमी की उभं आहे असं वाटावं. आमची खोली सहाव्या मजल्यावर होती. ही मजले मोजत होती. खालून सहावा की पाण्यापासून सहावा, ते ठरेना.

मला एकदा वाटून गेलं, हाक मारावी. डोंग्याला मारायचो तशी.

रात्री स्टेशनजवळच्या लॉजवर राहिलो. उरलेले वडे खाल्ले. टेक्सासमधल्या भाच्याचा फोन आला, लेकीनं त्याला कळवलं होतं. तो दोनदा गॅल्व्हस्टन बंदरातून क्रूझवर गेला आहे. म्हणाला, "मामा, इथे सगळे एक दिवस आधी जाऊन बंदराजवळ मुक्काम करतात. शिवाय इथल्या बऱ्याच पॉलिसींत जहाज चुकण्याचं वेगळं कलम असतं. तीन तास उशीर झाला तरी चालतो, पुढच्या बंदरात जहाज गाठायचा खर्च देतात. पण सहलीत क्रूझ आहे हे आधी सांगावं लागतं, आणि पैसे बरेच जास्त." मी विचारलं, किती? त्यानं सांगितलेल्या आकड्यात आमचं विमानाचं एक तिकीट आलं असतं. मी म्हटलं, बरोबर आहे. तीनशे रुपयांत कोण कुणाचं जहाज अडवून धरणार!

लेक फोनवर रडली. तिला कसं सांगायचं की चूक तिची नव्हती? शहरातल्या माणसाला विमानतळ म्हणजे घराच्या पुढचा चौक. सिहोऱ्याच्या माणसाला विमानतळ गाठेपर्यंतच एक प्रवास पुरा झालेला असतो. तिच्या हिशेबातले सव्वापाच तास शहराच्या घड्याळाचे होते.

दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, आलो आहोत तर पाण्यात जाऊ. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० च्या मार्चपासून सुरू आहे. पोटात मोटारी, वर माणसं. तासाभराचा प्रवास. आम्ही उघड्या मजल्यावर बसलो. वारा इतका की हिनं पदर कानाभोवती घट्ट गुंडाळला. बोटीनं वळण घेतलं तेव्हा धक्का, क्रेन, शहर सगळं एका बाजूनं फिरलं आणि हिनं माझं मनगट धरलं. मधेच सीगल पक्ष्यांचा थवा मागे लागला. एका पोरानं त्यांना कुरकुरे टाकले, मी मास्तरकीच्या सवयीनं त्याला दटावलं. मांडव्याला उतरून चहा प्यायलो, अर्ध्या तासानं त्याच बोटीनं परत. रात्री विदर्भ एक्सप्रेस. तुमसर रोडला ती वेळेवर आली, हे सांगायलाच हवं.

दावा मी केलाच. प्रमाणपत्र, बोर्डिंग पास, तिकीट, जहाजाची पावती, सगळं जोडलं. वेळ सुटण्याची धरायची की पोचण्याची, असा एक मुद्दाही काढला, कारण काही पॉलिसींत पोचण्याची धरतात. दोन्ही हिशेबांनी साडेपाच तासांच्या वर काही जाईना. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र आलं. त्यांचं बरोबर होतं. विमा लोकपालाकडे जाता येतं हे मला माहीत आहे, पण तिथे जाऊन काय सांगणार? कागदात लिहिलं होतं ते त्यांनी पाळलं, मी वाचलं नव्हतं. बंदर शुल्काचे पैसे तेवढे खात्यात जमा झाले. त्यातून हिनं चांदपूरला दुसरा नारळ नेला, कशाबद्दल ते विचारलं नाही.

गावात आल्याच्या संध्याकाळी शेजारची सून अंगणात आली. "काकू, जहाज कसं होतं जी?"

ही तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मागून चांगलं दिसते."